दोन वर्षांच्या मुलाला घेऊन हाँगकाँग डिस्नेलँडला जायचंय? आधी त्याची उंची आणि झोपेची वेळ पाहा

हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला आईबाबांच्या मांडीवर बसवून नेलं, तर आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात बहुतेक कंपन्या मोठ्यांच्या मूळ भाड्याच्या साधारण १० टक्केच रक्कम घेतात. कर वेगळे. हे दोन नियम समजले की पुष्कळ घरांत एकच विचार सुरू होतो : बाळ दोन वर्षांचं होण्याआधी जाऊन येऊ, नंतर महाग पडेल.

हा हिशोब चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. बाळाचे पैसे वाचले तरी मोठ्यांचं विमानभाडं, हॉटेल आणि पार्कचं तिकीट पूर्णच भरावं लागतं. आणि त्या पूर्ण तिकिटात मोठ्यांना दिवसभरात काय काय करता येईल, हे मोफत आत आलेलं ते पिल्लूच ठरवतं. त्यामुळे सहल आखताना राइड्सची यादी नंतर करावी. आधी दोन गोष्टी लिहून काढाव्यात : मुलाची उंची किती आणि ते दुपारी कधी झोपतं.

हाँगकाँगच का?

डिस्नेची पार्कं सध्या जगात सहा ठिकाणी आहेत : कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टोकियो, पॅरिस, हाँगकाँग आणि शांघाय. यांपैकी भारताला सर्वांत जवळचं हाँगकाँग. मुंबईहून थेट विमान असेल तर प्रवास साधारण सहा तासांचा. १२ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झालेलं हे पार्क डिस्नेच्या इतर पार्कांच्या तुलनेत लहान समजलं जातं. मोठ्या माणसांना ही उणीव वाटू शकते, पण बाबागाडी ढकलत फिरणाऱ्यांसाठी ती सोयच आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना मूल रडकुंडीला येत नाही.

पार्क लांताऊ बेटावर आहे आणि विमानतळही त्याच बेटाला लागून आहे. मेट्रोने आल्यास सनी बे स्थानकावर गाडी बदलावी लागते. तिथून पार्कपर्यंत जाणाऱ्या छोट्या गाडीच्या खिडक्या मिकी माउसच्या आकाराच्या आहेत. बऱ्याच लहानग्यांसाठी सहलीतली पहिली 'राइड' हीच ठरते. मेट्रोतही तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

उंचीची अट कशासाठी असते?

पार्कमध्ये वयापेक्षा उंचीला जास्त महत्त्व आहे. हाँगकाँगमध्ये 'टॉय सोल्जर पॅराशूट ड्रॉप'साठी किमान ८१ सेंटीमीटर उंची लागते. 'फ्रोझन'च्या विभागातल्या घसरगाडीवजा छोट्या रोलर कोस्टरसाठी ९५, 'हायपरस्पेस माउंटन' आणि 'आयर्न मॅन एक्सपिरियन्स'साठी १०२, तर 'बिग ग्रिझली माउंटन' या खाणगाडीसाठी ११२ सेंटीमीटर. या अटी बदलू शकतात आणि एखादी राइड दुरुस्तीसाठी बंदही असते. त्यामुळे जाण्याच्या आठवड्यात पार्कच्या अधिकृत अ‍ॅपवर पुन्हा पाहून घ्यावं.

आता हे आकडे मुलाच्या वाढीशी ताडून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार दोन वर्षांच्या मुलाची उंची सरासरी ८६ ते ८७ सेंटीमीटर असते, तीन वर्षांच्या मुलाची ९५ ते ९६ आणि चार वर्षांच्या मुलाची १०३ च्या आसपास. म्हणजे दोन वर्षांचं बहुतेक मूल ८१ ची अट पार करतं आणि तिथेच थांबतं. ९५ ला पोहोचायला तिसरा वाढदिवस लागतो, १०२ ला चौथा. मूल चणीने लहान असेल तर आणखी उशीर. ही मोजणी घरच्या भिंतीपाशी टेप लावून पाच मिनिटांत होते, आणि कोणत्या राइड्स यादीतून काढून टाकायच्या हे तिकीट काढण्याआधीच कळतं.

काही पालकांना ही अट कागदी वाटते. जाड तळव्याचे बूट घालणं, मुलाला टाचा उंचावून उभं करणं असे प्रकार होतात. पण उंचीची अट ही राइडमधल्या सुरक्षापट्ट्याशी जोडलेली असते. मांडीवर येऊन अडकणारा दांडा ठरावीक आकाराच्या शरीरासाठी बनवलेला असतो. दोन-अडीच वर्षांच्या मुलाची मांडी आखूड आणि कंबर अरुंद असते. दांडा पूर्ण बसला तरी त्याखालून ते सरकू शकतं. शिवाय या वयात शरीराच्या मानाने डोकं मोठं आणि मानेचे स्नायू कच्चे असतात. गाडी झटक्याने वळली की तो सगळा भार मानेवर येतो. आईने घट्ट धरून ठेवणं हा या दांड्याला पर्याय नाही. म्हणून कर्मचारी राइडच्या तोंडाशी पुन्हा उंची मोजतात आणि तिथे विनवण्या चालत नाहीत.

मग लहान मुलाला उरतं काय?

बरंच काही. उडत्या हत्तींचा 'डंबो', घोड्यांचं 'कॅरोसेल', गोल फिरणारे चहाचे कप, 'विनी द पू'ची गाडी, 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'ची बोट, जंगलातली नदीसफर आणि पार्कभोवती फिरणारी रेल्वे या कशालाच उंचीची अट नाही. यातली 'स्मॉल वर्ल्ड'ची बोट पालकांनी विशेष लक्षात ठेवावी. ती इमारतीच्या आत आहे, थंड आहे आणि संथ चालते. उन्हात चिडचिडं झालेलं मूल तिथे शांत होतं.

पण उंचीची अट नाही याचा अर्थ भीती वाटणार नाही, असा नाही. 'फ्रोझन'च्या बोटीत किंवा 'मिस्टिक मॅनर'मध्ये लहान मुलांना प्रवेश आहे, तरी तिथे अंधार आहे आणि अचानक येणारे मोठे आवाज आहेत. अट शरीरापुरती असते. मनाची तयारी पालकांनीच ओळखायची. तीच गोष्ट मिकी-मिनीच्या भेटीची. कार्टूनमधला वीतभर मिकी आवडणारं मूल, समोर बाबांपेक्षा मोठ्या डोक्याचा मिकी आला की किंचाळून मागे पळू शकतं. तो आत माणूस असलेला पोशाख आहे, हे दोन वर्षांच्या मुलाला उमगलेलं नसतं. अशा वेळी फोटोसाठी त्याला पुढे ढकलू नये. लांबून हात हलवायला लावावा, दुसऱ्या मुलांना भेटताना पाहू द्यावं. तासाभराने तेच मूल आपणहून पुढे जाण्याची शक्यता असते.

मूल या सगळ्याला कसं सामोरं जाईल, याचा अंदाज घरबसल्या घेता येतो. गावची जत्रा, मॉलमधलं खेळांचं दालन किंवा खोपोलीजवळचं इमॅजिका, यांपैकी जे जवळ असेल तिथे आधी अर्धा दिवस घालवून पाहावा. गर्दी, ढोलाचा आवाज, अंधारी खोली, रांग यांतलं नेमकं काय त्याला सहन होत नाही, हे त्या अर्ध्या दिवसात समजतं. भारतातली अनेक पार्कं मुलांचं तिकीटही वयाऐवजी उंचीवर ठरवतात. त्यामुळे 'दोन वर्षांचं आहे, फुकट असेल' असं गृहीत धरून तिथेही जाऊ नये.

अडीच तासांचा फरक कामी कसा आणायचा?

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात, दुपारच्या झोपेसह, ११ ते १४ तास झोप लागते. तीन वर्षांपुढे १० ते १३ तास. ही झोप बुडाली की मूल दमून शांत बसत नाही, उलट जास्त बिथरतं. थीम पार्कमध्ये दुपारी चारनंतर ऐकू येणाऱ्या रडण्यामागे बऱ्याचदा हट्टापेक्षा बुडालेली झोप असते.

हाँगकाँगचं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. बहुतेक पालक तिथे पोहोचताच मुलाला नव्या वेळेत बसवायला जातात. तीन-चार दिवसांच्या सहलीसाठी ही खटपट नको, कारण मुलाचं भारतीय घड्याळ इथे सोयीचंच पडतं. घरी सकाळी साडेसातला उठणारं मूल हाँगकाँगच्या वेळेनुसार दहाला उठेल. पार्क साधारण त्याच सुमारास उघडतं. घरी दुपारी एकला झोपणारं मूल तिथे साडेतीनला झोपेल, म्हणजे उन्हात आणि गर्दीत फिरायला एरवीही नको वाटेल त्या वेळी. आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास किल्ल्यासमोर होणारा रोषणाईचा कार्यक्रम मुलाच्या शरीराला संध्याकाळी साडेपाच-साडेसहाचा वाटेल. ज्या कार्यक्रमाच्या वेळी इतर लहान मुलं खांद्यावर झोपलेली असतात, त्या वेळी हे मूल टक्क जागं असतं.

याची किंमत एकच. सकाळी पार्क उघडताना रांगा सर्वांत लहान असतात, ती वेळ थोडी हुकते. तरीही दिवसभराचा हिशोब पाहिला तर हा सौदा फायद्याचा ठरतो. रात्रीच्या विमानाने पोहोचणाऱ्यांनी मात्र पहिला दिवस पार्कसाठी ठेवू नये.

दिवस कसा विभागायचा?

लहान मुलासोबत पार्कचा दिवस दोन तुकड्यांत घालवणं सर्वांत सोपं. पहिला तुकडा साडेदहा-अकरा ते दुपारी दोन-अडीच. त्यात मुलाच्या तीन-चार राइड्स, एखादी भेट आणि जेवण. मग झोप. दुसरा तुकडा संध्याकाळी सहापासून कार्यक्रम संपेपर्यंत. त्याच दिवशी बाहेर जाऊन पुन्हा आत येता येतं. परत येण्यासाठी काय लागतं, हे बाहेर पडताना दारावर विचारून घ्यावं.

मधल्या झोपेमुळेच हॉटेल कुठे घ्यायचं हा प्रश्न महत्त्वाचा होतो. पार्कच्या आवारात डिस्नेची तीन हॉटेलं आहेत. ती महाग आहेत, पण तिथून शटल बसने काही मिनिटांत खोलीत पोहोचता येतं. मेट्रोने दोन-तीन स्थानकांवर असलेला तुंग चुंग किंवा त्सिंग यीचा भाग हा मधला पर्याय. शहराच्या मध्यभागी, त्सिम शा त्सुईसारख्या ठिकाणी राहिल्यास दुपारी परत जाण्याचा विचार सोडून द्यावा लागतो. तेव्हा झोप बाबागाडीतच उरकावी लागते. जे मूल गाडीत सहज झोपतं त्याच्यासाठी हे चालेल, जे फक्त अंथरुणावर झोपतं त्याच्यासाठी नाही.

मोठ्यांना मोठ्या राइड्स अजिबात करता येणार नाहीत, असंही नाही. उंचीची अट असलेल्या राइड्सवर 'रायडर स्विच' नावाची सोय असते. एक पालक राइडवर जातो, दुसरा मुलापाशी थांबतो. पहिला परत आला की दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता आत सोडतात. यासाठी रांगेच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला आधीच सांगावं लागतं. ते न सांगता रांगेत शिरल्यास ही सोय मिळत नाही.

आजी-आजोबा बरोबर असतील तर एक गोष्ट निघण्याआधीच बोलून घ्यावी. नातवंडाला सांभाळायला ते आनंदाने तयार होतात, पण दिवसभर बाकावर बसून बाबागाडी राखणं ही त्यांची सहल नव्हे. त्यांच्या गुडघ्यांचा आणि नातवंडाच्या झोपेचा वेग बहुधा एकच असतो. दुपारी तिघांनी एकत्र हॉटेलवर परतणं आणि त्या वेळात आईबाबांनी दोन मोठ्या राइड्स करून घेणं, ही वाटणी सर्वांना मानवते.

कोणत्या महिन्यात जावं?

शाळा सुरू झालेली नाही, हा या वयाचा सर्वांत मोठा फायदा. मे महिन्याच्या सुट्टीला बांधून घेण्याची गरज नाही. हाँगकाँगमध्ये मे ते सप्टेंबर उकाडा, दमटपणा आणि पाऊस असतो, आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात चक्रीवादळांमुळे सगळं कोलमडू शकतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतची हवा सर्वांत सुखाची. १ ऑक्टोबरला चीनचा राष्ट्रीय दिन असतो. त्या आठवड्यात, नाताळात आणि चिनी नववर्षाच्या दिवसांत प्रचंड गर्दी असते. शनिवार-रविवारही टाळावेत.

उकाड्याचा मुद्दा फक्त गैरसोयीचा नाही. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं आणि त्याला घामही कमी येतो, त्यामुळे त्याचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर जाड ओढणी किंवा टॉवेल टाकण्याची सवय धोक्याची आहे. आतली हवा कोंडते आणि मूल सावलीत असूनही भाजून निघतं. गाडीचं मूळ छत, सैल सुती कपडे, टोपी आणि दर थोड्या वेळाने घोटभर पाणी एवढं पुरेसं असतं. ओठ कोरडे पडणं, कित्येक तास लंगोट कोरडा राहणं, मूल नेहमीपेक्षा मलूल होणं ही पाणी कमी पडल्याची लक्षणं आहेत. तेव्हा राइड सोडून थंड जागा गाठावी आणि वैद्यकीय मदत घ्यावी. पार्कमध्ये प्रथमोपचार केंद्र आहे.

कागदपत्रं, दूध आणि बाबागाडी

बाळाला स्वतंत्र पासपोर्ट लागतो. भारतीय पासपोर्टधारकांना हाँगकाँगला १४ दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही, मात्र निघण्यापूर्वी ऑनलाइन 'प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन' करावं लागतं. ते मोफत आहे, पण घरातल्या प्रत्येकाचं, बाळाचंही, वेगळं करायचं असतं. सहलीच्या दरम्यानच मूल दोन वर्षांचं होत असेल तर परतीच्या विमानात त्याला स्वतःचं आसन आणि मुलांचं तिकीट लागतं. हे तिकीट काढतानाच पाहावं, विमानतळावर नव्हे.

बाळाच्या दुधाला आणि खाण्याला हातातल्या सामानातील १०० मिलिलिटरच्या मर्यादेतून सहसा प्रवासापुरती सूट मिळते. विमान उतरताना मुलाला काहीतरी प्यायला द्यावं. गिळण्यामुळे कानांवरचा दाब हलका होतो. पावडरचं दूध पिणाऱ्या मुलांच्या पालकांनी हाँगकाँगचा एक नियम लक्षात ठेवावा. २०१३ पासून तिथून बाहेर पडताना १६ वर्षांवरील व्यक्तीला लहान मुलांच्या दुधाची पावडर १.८ किलोपर्यंतच नेता येते. तिथे डबे विकत घेऊन भारतात आणण्याचा बेत असेल तर या मर्यादेत राहावं. नियम मोडणं हा तिथे गुन्हा आहे.

पार्कच्या मुख्य रस्त्यावर बाळांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. तिथे लंगोट बदलण्याची आणि निवांत दूध पाजण्याची सोय आहे. बाबागाडी पार्कमध्ये भाड्याने मिळते, पण ती आवारातच वापरता येते. विमानतळ, मेट्रो आणि हॉटेल यांसाठी स्वतःची घडीची गाडी सोबत असलेली बरी. राइडच्या बाहेर गाड्या रांगेने लावलेल्या असतात आणि कर्मचारी त्या इकडच्या तिकडे सरकवतात. गाडीला ओळखीचा रंगीत रुमाल बांधावा आणि पासपोर्ट, पैसे तिच्यात कधीही ठेवू नयेत.

गर्दीत हात सुटला तर?

दोन वर्षांच्या मुलाला स्वतःचं नाव सांगता येतं, आईचा मोबाइल नंबर नाही. त्यामुळे मनगटावरच्या पट्टीवर किंवा सदऱ्याच्या आतल्या बाजूला, परदेशात चालू असलेला नंबर देशाच्या क्रमांकासह लिहावा. मुलाचं नाव बाहेरून दिसेल असं लिहू नये. सकाळी हॉटेलातून निघताना त्याचा पूर्ण उभा फोटो काढावा, म्हणजे त्या दिवशी अंगात कोणते कपडे आणि पायांत कोणते बूट होते हे आठवत बसावं लागत नाही. मूल दिसेनासं झालं तर दोघांनी दोन दिशांना पळण्याआधी जवळच्या कर्मचाऱ्याला सांगावं आणि एकाने त्याच जागी थांबावं. लहान मूल बऱ्याचदा जिथून गेलं तिथेच परत येतं.

आता जावं की थांबावं?

माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांआधीच्या घटना मोठेपणी सहसा आठवत नाहीत. दुसऱ्या वर्षी पाहिलेलं डिस्नेलँड मुलाला फोटोंतूनच ठाऊक असेल. याचा अर्थ त्या दिवशीचा त्याचा आनंद खोटा, असा नाही. पण 'मुलासाठी' म्हणून कर्ज काढून किंवा वर्षाची बचत संपवून जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ज्यांची मुख्य इच्छा मुलाने मोठ्या राइड्स कराव्यात आणि त्या आठवाव्यात ही आहे, त्यांनी १०२ सेंटीमीटरची, म्हणजे साधारण चार वर्षं पूर्ण होण्याची वाट पाहावी. तेव्हा मुलांचं तिकीट लागेल, विमानात पूर्ण आसन घ्यावं लागेल. पण त्या पैशांत राइड्सही मिळतील आणि आठवणही.

ज्यांना स्वतःलाच प्रवास हवा आहे आणि मुलाला सोडून जायचं नाही, त्यांनी दोन वर्षांच्या मुलालाही खुशाल न्यावं. फक्त राइड्सच्या संख्येवर दिवस तोलू नये. एका दिवसात मुलाच्या पाच-सहा राइड्स, दुपारची पूर्ण झोप आणि रात्रीची रोषणाई झाली, तर या वयाच्या हिशोबाने तिकीट वसूल झालं. त्यातही मुलाने सर्वांत जास्त वेळ कारंज्याच्या पाण्यात हात घालण्यात किंवा मिकीच्या खिडकीतून बाहेर बघण्यात घालवला, तर त्याला तिथून ओढून पुढच्या रांगेत नेण्याची घाई करू नये.